मिठाचा नियम आणि पांढरी गोळी

फार्माकॉलॉजी शिकवायचे असं सांगितलं की समोरच्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “मग मेडिकल कुठंशी आहे तुमचं?” दुकान नाही हो, मी मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते, असं म्हटलं की तो जरा सावरून बसतो. “म्हणजे डॉक्टर! बरं झालं भेटलात. पित्तावर काय घेऊ?” मी पेशंट तपासत नाही म्हटलं की संपलंच. डॉक्टर आहे पण तपासत नाही, औषधांचं सगळं ठाऊक आहे पण दुकान नाही, अशी बाई कुणाच्या काय कामाची? निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला आले तेव्हापासून आमच्या सोसायटीनं यावर आपला तोडगा काढलाय. मी दातांची डॉक्टर होते असं सगळे धरून चालतात. मीही आता सुधारणा करायचं सोडून दिलंय.

घरचे तर त्याहून वरताण. वडूजजवळ राहणारे माझे थोरले दीर फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांना दर महिन्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यातून औषधं मिळतात, आणि ती ते कँटीनच्या साबणासारखी भावकीत वाटतात. “मिल्ट्रीची गोळी हाय, लय कडक. भाईर मिळायची न्हाई.” मध्यंतरी त्यांनी स्वतःची रक्तदाबाची गोळी चक्कर येते म्हणणाऱ्या चुलतभावाला दिली. त्याचा रक्तदाब आधीच खाली गेलेला. तो गोठ्यातच आडवा झाला. मी फोनवर तोंड सोडलं तर हे म्हणतात, “आवं डॉक्टरीणबाई, मला तर हीच गोळी मानवतीया. त्यो गडीच कच्चा हाय.” आता बोला! कपाळावर हात मारून घ्यायचा आणि फोन ठेवायचा.

या अंकाच्या संपादकांनी ‘औषधांच्या क्षेत्रातल्या गमतीजमती’ लिहायला सांगितलंय. गमती म्हणे. सांगलीत मी इतकी वर्षं नोकरी केली, त्यात गमती झाल्या नाहीत असं नाही, पण त्या आठवल्या की मला हसू येण्याआधी संताप येतो. तेव्हा संतापच लिहिते. संपादकांना चालेल असं दिसतंय.

आधी हे शास्त्र काय आहे ते एकदाचं सांगून टाकते, म्हणजे माझ्या जिवाला शांतता. औषध शरीराचं काय करतं, हा आमचा एक मोठा प्रश्न. ताप कसा उतरवतं, दुखणं कसं थांबवतं, हृदयाचे ठोके कसे आवरतं. हा प्रश्न सगळ्यांनाच सुचतो. पण शरीर औषधाचं काय करतं, हा दुसरा तितकाच मोठा प्रश्न आहे, आणि तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. गोळी गिळली की ती सरळ दुखऱ्या गुडघ्यात जाऊन बसते, असं भल्या भल्या शिकलेल्या लोकांना वाटतं. अहो, ती आतड्यातून रक्तात येते, अंगभर हिंडते, यकृत तिची मोडतोड करतं, मूत्रपिंड तिला लघवीवाटे बाहेर घालवतं. हे बाहेर घालवणं मंदावलं, की अगदी मापात घेतलेली गोळीसुद्धा अंगात साठत जाते आणि औषधाचं विष होतं. त्या विषाचा अभ्यासही आमच्याकडेच. नवी औषधं माणसाला देण्याआधी पारखून घेणं तेही आमचंच. आणि इतकी पारख करून बाजारात आणलेलं औषध लोकांच्या घरात, स्वयंपाकघरात, उपासतापासात शिरलं की काय गोंधळ घालतं यावर नजर ठेवणं, हेही आमच्याच गळ्यात.

मुलं हा विषय दुसऱ्या वर्षाला शिकतात, म्हणजे परीक्षेपुरता घोकतात. औषधांची नावं ओळीनं घडाघडा म्हणतील, गोळी हातात ठेवली तर ओळखणार नाहीत. पूर्वी प्रॅक्टिकलला बेडूक नि ससे असायचे. आता संगणकाच्या पडद्यावर बेडूक असतो, बटण दाबलं की त्याचं हृदय जोरात उडतं. बेडकांचं भलं झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मात्रा चुकली तर पडद्यावरचा बेडूक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळं पोरांना कशाचं काही वाटत नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या केंद्राचं काम होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक फोन आणि मी. वॉर्डातल्या डॉक्टरांनी कुठल्याही औषधाचा वाईट परिणाम दिसला की मला कळवायचा, अशी अपेक्षा. कळवतंय कोण? म्हणून मीच वॉर्डावॉर्डातून हिंडायचे, आणि मला पाहिलं की निवासी डॉक्टर जिन्यानं पसार व्हायचे. एखादा तावडीत सापडलाच तर म्हणायचा, “मॅडम, तो दुष्परिणाम नाहीये. तो पेशंटच तसा आहे.” म्हणजे आमचे सुभेदार आणि हा एमबीबीएस, दोघांचं शास्त्र एकच!

अशाच एका फेरीत ती मला दिसली. त्या घरातल्या दोन्ही बायकांना विचारून हे लिहितेय. सून म्हणाली, “मॅडम, माझं नाव बदला, पण गोळीचं बदलू नका.” म्हणून तिला त्रिशला म्हणते. सांगलीजवळच्या एका गावातलं जैन घर. नवरा अजित, द्राक्षबागायतदार, परदेशात माल पाठवणारा. सासू सुलोचनाकाकू, साठीच्या, पांढरंशुभ्र लुगडं आणि घरावर चांगला वचक.

मी गेले होते शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या अंगावरचं पुरळ बघायला. पण माझं लक्ष त्रिशलाच्या हातांकडे गेलं. सासू तिला चमच्यानं पाणी पाजत होती आणि तिचे हात चादरीवर थडथड उडत होते. थंडीनं कापतात तसे नव्हेत, चांगले मोठे झटके. बोलायला गेली तर जीभ जड. शेजारच्या नर्सनं सांगितलं, उलट्या होत होत्या, चालताना झोक जात होता, म्हणून भरती केलंय. मेंदूचा फोटो काढला, त्यात काही नाही. मी निवासी डॉक्टरला गाठलं. या वेळी जिना माझ्या मागं होता.

“काय औषधं चालू आहेत हिला घरची?”

“फक्त थायरॉइडची गोळी, मॅडम. जास्त झाली असेल म्हणून रक्त तपासलं, थायरॉइड नॉर्मल आहे. गोळी चालू ठेवलीय.”

“कुठली गोळी, बघितली?”

“बाटली बघितली ना.”

सुलोचनाकाकूंनी पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. बाटली थायरॉइडचीच होती. मी झाकण उघडून गोळी तळहातावर घेतली. थायरॉइडची गोळी इवलीशी असते, साबुदाण्याहून थोडी मोठी. ही चांगली ढब्बू, पांढरी गोळी होती.

“काकू, ही कधी देता हिला?”

“सकाळी जेवल्यावर एक, आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत एक. आमच्यात रात्री पाणीबी घेत न्हाईत. लय नेमानं घेती बगा, एक चुकवत न्हाई.”

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि दिवसातून एकदाच. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी निवासी डॉक्टरकडे बघितलं. तो छताकडे बघायला लागला.

तेवढ्यात काकू कौतुकानं सांगायला लागल्या. गावात यंदा माताजींचा चातुर्मास होता, म्हणजे आर्यिका माताजी, आमच्याकडच्या जैन साध्वी, पावसाळाभर गावातच मुक्कामाला होत्या. बऱ्याच बायकांनी त्यांच्याकडून नियम घेतले. कुणी गोड सोडलं, कुणी तूप. “आमच्या त्रिशलानं मीठ सोडलं. एवढ्या लहान वयात कोण करतंय वो? चातुर्मास सरेपर्यंत अळणी जेवायचा नियम. आजारी पडली तरी मोडला न्हाई तिनं. हितंबी मी घरनंच अळणी डबा आणतोय.”

ढब्बू पांढरी गोळी, उडणारे हात, जड जीभ आणि बंद झालेलं मीठ, एवढं एकत्र आल्यावर मला एकच औषध सुचत होतं. आणि वॉर्डात भरती झाल्यावरसुद्धा ही बाई तीच गोळी दोन वेळा गिळत होती, आमच्याच देखरेखीखाली. मी बाटली नर्सच्या ताब्यात दिली, गोळी ताबडतोब बंद करायला सांगितली आणि नवऱ्याला शोधायला निघाले.

अजित बाहेर कॉरिडॉरमध्ये फोनवर होता. बागेत छाटणी चालू होती, मजुरांना सूचना देत होता. मी समोर उभी राहिले तसा फोन ठेवला.

“अजितराव, बाटलीत कसली गोळी आहे?”

“थायरॉइडची की, मॅडम.”

“मी आयुष्यभर गोळ्यांचंच शिकवलंय. मला नका सांगू.”

तो हळूच वॉर्डाच्या दाराकडे बघून म्हणाला, “आई हाय आत.” मी त्याला खाली कँटीनपाशी नेलं. तिथंही तो चहाचा कप नुसता फिरवत बसला. माझं डोकं सणकलं होतं. मी म्हटलं, “बागेवर फवारायचं औषध एका बाटलीतून काढून दुसऱ्याच नावाच्या बाटलीत भरून ठेवता का हो तुम्ही?”

“छे छे! बाग जाईल की, मॅडम.”

एवढं बोलला आणि स्वतःच थांबला. मग म्हणाला, “लिथियम हाय.”

लिथियम हे मनाच्या एका आजारावरचं जुनं आणि फार गुणी औषध आहे. त्या आजारात माणूस कधी इतका चढतो की झोप नको, जेवण नको, अखंड बोलणं. आणि कधी इतका खचतो की जगणं नको. मूल झाल्यानंतर त्रिशलाला तो आजार झाला. अजितनं तिला माहेरी नेलं, तिथून कोल्हापूरला डॉक्टरांकडे नेलं, आणि घरी आईला सांगितलं की टायफॉइड झालाय. लिथियम तिला चांगलं लागू पडलं. कित्येक वर्षं बाई ठणठणीत होती. घर, शेत, मूल सगळं सांभाळत होती. ती गोळी मनाची आहे हे आईला कळू नये म्हणून अजित दर महिन्याला कोल्हापुरातून गोळ्या आणायचा आणि स्वतःच्या हातानं थायरॉइडच्या बाटलीत भरायचा.

“आणि रक्त? लिथियम घेणाऱ्याचं रक्त ठराविक काळानं तपासावं लागतं. सांगितलं असेल ना तिथल्या डॉक्टरांनी?”

“सांगितलं होतं. सुरवातीला केलं. पण आमच्या गावातली लॅब मामेभावाची हाय. सांगलीतली त्याच्या साडूची. कुठंबी गेलं तरी पाव्हणा निघतोय वो, मॅडम. गावभर झालं असतं.”

म्हणजे पाव्हण्यांच्या भीतीनं तपासणी बंद! लिथियमच्या गुणाचं माप आणि विषाचं माप यांत फार थोडं अंतर असतं, म्हणून तर तपासायचं. इथं एक कुटुंब परदेशात द्राक्षं पाठवताना मण्यामण्यातलं औषध प्रयोगशाळेत मोजून घेतंय आणि सुनेच्या रक्तातलं मोजायला लाजतंय. मी हे त्याला तोंडावर म्हटलं. म्हणायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही.

“पण मॅडम, गोळी तर तेवढीच घेत होती,” तो म्हणाला. “एक जास्त न्हाई, एक कमी न्हाई. मग एवढ्या वर्षांनी आताच का?”

चांगला प्रश्न होता, म्हणून मी जरा खालच्या आवाजात बोलले. “तोडणीच्या आधी तुम्ही फवारणी बंद ठेवता. का?”

“औषध उतरायला पायजे की मण्यातनं.”

“हां. तसंच लिथियमही अंगातून रोज उतरायला लागतं, ते मूत्रपिंड करतं. आता मूत्रपिंडाला लिथियम आणि मीठ यांतला फरक नीट कळत नाही. तुम्ही मीठ बंद केलंत, की त्याला वाटतं मिठाचा दुष्काळ आला, असेल नसेल ते धरून ठेवा. मिठाबरोबर ते लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच, पण उतरत नाही. त्यात उलट्या सुरू झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, की ते आणखी साठतं.”

“म्हंजे मिठानं?” अजित म्हणाला. “मला वाटलं, नियम घेतलाय तर बरंच हाय. पुण्याचं काम हाय, तिचंबी मन रमतंय.”

“माताजींनी विचारलं नव्हतं, औषधं चालू आहेत का म्हणून?”

“इचारलं होतं की. तब्येतीचं, औषधाचं सगळं इचारल्याबगर त्या नियम देत न्हाईत. त्रिशला माझ्याकडं बघाय लागली. शेजारी आई उभी. मीच म्हटलं, थायरॉइडची हाय, काय अडचण न्हाई.”

पुढचे काही दिवस वाईट गेले. फिजिशियनना सगळं सांगितलं, रक्त तपासायला गेलं आणि लिथियमचं प्रमाण मला भीती होती तेवढंच वाढलेलं निघालं. सलाइन चालू होतं, पण मूत्रपिंडं थकली होती, म्हणून डायलिसिस करावं लागलं. मधे एक दिवस तिला हाक मारली तर ओ येईना. मी वॉर्डात जाऊन नुसती उभी राहायचे. मी पेशंट तपासत नाही हे लोकांना सांगायला सोपं असतं. तिथं उभं राहून तेच स्वतःला सांगताना फार हतबल वाटायचं.

आणि या सगळ्यात अजितचं काय चाललं होतं? काकूंनी विचारलं, “किडनीला काय झालं रं?” तर हा पठ्ठ्या म्हणाला, “पाणी कमी पडलं, आई. उष्णता झाली.” मी तिथंच होते! पोरगी मरणाच्या दारात आणि हा अजून उष्णतेवर. पण माझे हात बांधलेले. पेशंटच्या परवानगीशिवाय तिचा आजार तिच्या सासूला मी सांगू शकत नव्हते, आणि पेशंट तर शुद्धीवर नव्हती. काकू सगळ्या वॉर्डासाठी उष्णतेवरचा उपाय म्हणून सब्जाचं पाणी करून आणायच्या. मी त्या पाण्याकडे बघून दात खायचे.

त्रिशला हळूहळू सावरली. हातांचं उडणं कमी झालं, जीभ सुटली. सासूला ती आत्ती म्हणते. पहिलं धड वाक्य माझ्याशी बोलली ते हे: “मॅडम, आत्तींना कळलं का?”

“माझ्याकडून नाही कळलं,” मी म्हटलं. “पण ऐक. मूत्रपिंडं पूर्ण सुधारली की तुझे कोल्हापूरचे डॉक्टर ठरवतील, हीच गोळी कमी मात्रेत द्यायची की दुसरी. गोळी लागणार, हे नक्की. घरात चूल कुणाच्या हातात?”

“आत्तींच्या.”

“मग उद्या कंबर दुखली म्हणून त्यांनी दुकानातून साधी वेदनाशामक गोळी आणून दिली, तरी तीही लिथियम अडवून धरते. पुढच्या वर्षी पुन्हा कुठला नियम येईल. ज्या बाईच्या हातात तुझं ताट आहे, तिलाच ठाऊक नाही. मी किती वेळा तुझ्या वॉर्डातून योगायोगानं जाणार आहे?”

अजित खाटेच्या पायाशी उभा होता. “मॅडम, डिस्चार्जच्या कागदावर गोळीचं नाव न्हाई लिवलं तर जमंल का?” एवढंच त्याला सुचलं. मी त्याला काय म्हटलं ते अंकात छापण्यासारखं नाही.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या, खाटेवर बसल्या, आणि त्रिशला माझ्यादेखत म्हणाली, “आत्ती, ती गोळी थायरॉइडची न्हाई. मनाच्या आजाराची हाय. बाळ झाल्यावर मला टायफॉइड न्हवता झाला. मला वेडाचा झटका आला होता.”

अजितनं खिडकीकडे तोंड फिरवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पांघरूण ओढून घेतलं. काकूंचा हात डब्याच्या झाकणावर होता तिथंच राहिला.

“आणि मीठ सोडल्यानं ती अंगात साठली. म्हणून असं झालं.”

“माताजींनी इचारलं होतं की गं,” काकू अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. “त्या सूट देत हुत्या. दुसरं कायतरी सोड म्हणत हुत्या.” मग डब्याकडे बघत, “मी रोज तुझं अळणी ताट वाढत हुतो, आणि आल्यागेल्याला सांगत हुतो, माजी सून बगा म्हणून.”

डबा तसाच ठेवून त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. “झालं,” अजित म्हणाला. “आता माहेरी धाडणार हिला. सांगत हुतो मी.” त्रिशला छताकडे बघत पडून राहिली. डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं, ते पुसायलाही तिचा हात उचलत नव्हता. मी पुसलं. मला त्या क्षणी त्या म्हातारीचा, त्या नवऱ्याचा, पाव्हण्यांच्या लॅबचा, सगळ्यांचा असा राग आला होता की मी तिथं थांबले असते तर काहीतरी बोलून बसले असते.

मी माझ्या खोलीत आले तर दाराबाहेर काकू. कुणाला तरी विचारत विचारत आल्या होत्या. आत आल्या, खुर्चीवर बसल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला. आता ही बाई मला विचारणार की मुलीकडच्यांनी फसवलं का, लग्नाआधीचंच आहे का. मी तोंडात उत्तरं तयार ठेवली होती, चांगली तिखट.

“अजितला वाटतंय मी तिला धाडीन,” त्या म्हणाल्या. “कुठं धाडू वो? माजी पोर हाय ती.”

माझं तिखट तोंडातच राहिलं.

“बाई, एक इचारू? तुमी औषधांचंच शिकवता न्हवं?”

“हो.”

“माजी थोरली भैन हुती. अक्का. बाळंत झाली आणि असंच. रात रात बोलायची, हसायची. मग एकदम गप. कोपऱ्यात बसायची. आमच्या घरात कुणी कुणाला सांगितलं न्हाई. देवाचं हाय म्हणायचे. मग एक दिवस सकाळी हिरीत...” त्या थांबल्या. “पाय घसरला म्हणून सांगितलं सगळ्यास्नी. माजं लग्न ठरायचं हुतं. मी बी ह्या घरात कधी सांगितलं न्हाई. अजितच्या बाबाला सुदीक न्हाई. ते गेले, तरी न्हाई.”

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही. दिवस मावळायला अजून अवकाश होता, तरी घेतला नाही.

“मला एवढंच सांगा. तवा ही गोळी हुती का?”

इतक्या वर्षांत मला किती जणांनी किती प्रश्न विचारले असतील. पित्तावर काय घेऊ, गुडघ्यावर काय घेऊ. हा पहिलाच प्रश्न असा होता की त्याचं उत्तर मला येत होतं आणि द्यावंसं वाटत नव्हतं. नव्हती हो काकू, तेव्हा कुठली औषधं, असं म्हटलं असतं तर त्या उठून सुनेकडे गेल्या असत्या आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या घरातल्या माणसांनी एकमेकांच्या भल्यासाठी खोटं बोलून काय केलं होतं ते मी नुकतंच वॉर्डात बघून आले होते.

“होती,” मी म्हटलं.

“हितं? आपल्याकडं?”

“हो. आमचे एक जुने सर सांगायचे, ते त्या काळात मिरजेत पेशंटना देत होते.”

काकूंनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

“मिरजेत,” त्या म्हणाल्या. “मिरजेला तर अक्काच मला बाजाराला घेऊन जायची वो, दर आठवड्याला.”